नऊ इंच जास्तीची कॉलनी

तक्रारीची फाईल बंद होते, किस्सा मात्र उघडाच राहतो. माझ्याकडे असे ढीगभर साठलेत. नानाखेड्याला गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी क्वार्टर्सच्या ऑफिसात मी जागा मोजायची टेप धरायला होतो. शिक्षण आठवी नापास. केळकरसाहेब आकडे लिहायचे, मी टोक धरायचो. भाडेकरू "माझी जागा शेजाऱ्यानं खाल्ली" म्हणून रोज यायचे. देव त्यांचं भलं करो, त्यांच्या भांडणांवर माझं घर चाललं.

*

शर्माजींनी अर्ज दिला की शेजारच्या बर्वेकाकूंनी गाडीची जागा अडवली. साहेब म्हणाले, "गाडी कुठे आहे?"

"आएगी ना साहब. सरकारने बाज़ार खोल दिया है."

त्यांच्याकडे तेव्हा, एक्क्याण्णव साली, सायकलही नव्हती.

*

काकूंची तुळशीची कुंडी रोज पूजेनंतर बोटभर शर्माजींकडे सरकायची. तुळस हटवणार कोण? मीच शर्माजींच्या कानात सांगितलं, समोर महादेव बसवा. झालं. दोन्हीकडचे देव बोटबोट पुढे यायला लागले.

मग मी दोघांना गंभीर तोंडानं म्हटलं, "देव एकमेकांना टेकले की जागा सार्वजनिक मंदिराची."

सकाळी दोन्ही देव आपापल्या भिंतीला चिकटलेले.

*

आमच्या टेपचे पहिले नऊ इंच फाटून गेले होते. त्यामुळे कुणाचीही जागा मोजा, कागदापेक्षा नऊ इंच जास्तच भरायची. भाडेकरू खूश होऊन चहा पाजायचे. साहेबांच्या लक्षात आलं, त्यांनी नवी टेप मागवली. त्या महिन्यात तक्रारी दुप्पट झाल्या. मग साहेबच हळूच म्हणाले, "ती जुनी टाकली तर नाहीस ना रे?"

*

आता ज्यासाठी मी शर्माजी आणि काकू, दोघांना अजून हात जोडतो, ते ऐका. माझं क्वार्टर त्यांच्याच मागे, एका खोलीचं. आजारी आईची खाट मावेना म्हणून मी मागच्या गल्लीत, दोघांच्या भिंतींना टेकून पत्र्याचं शेड ठोकलं होतं. भोपाळहून मोठे साहेब अवैध बांधकाम बघायला आले. सापडलो असतो तर नोकरी गेली असती, क्वार्टरही. आणि टेप धरून मीच उभा!

"ये शेड किसका है?"

मी टेप गुंडाळायला लागलो. मागून काकू म्हणाल्या, "मेरा है साब."

"झूठ," शर्माजी पुढे आले, "शेड मेरा है. इन्होंने कब्ज़ा किया है."

"तुमचं? लाज वाटते का काही?"

भांडण असं पेटलं की मलाही क्षणभर खरं वाटलं. मोठ्या साहेबांनी वाकून आत पाहिलं. "और ये अम्मा किसकी हैं?"

दोघं एकदमच म्हणाली, "मेरी."

साहेबांनी फाईलवर "पुराना विवाद" लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि जीपमध्ये बसले.

आई खाटेवरून म्हणाली, "ते ठरवा सावकाश. आधी चहा कोण देतंय?"