किलवर सत्ती

नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र दिवसवार आठवतं, कारण यात बारा दिवस मी मूर्ख बनलो होतो.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. पुण्यात संगणकाच्या कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि त्यांच्या संमेलनांना जादूगार बोलावण्याची टूम निघाली होती. मंडईजवळ राहणारा असाच एक जादूगार एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता चौकीत आला आणि म्हणाला, "घरात बायको मरून पडली आहे."

आम्ही गेलो. गळा आवळलेला होता. कपाट उघडं, दागिने गायब, दाराचं कुलूप मात्र शाबूत. पंचनाम्यात टेलिफोनशेजारच्या एका काळ्या डब्याची नोंद हवालदाराने 'रेडिओसारखे यंत्र' अशी केली. मीही वाचून खाली सही ठोकली.

डॉक्टरांनी मृत्यूची वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन अशी दिली. अशा गुन्ह्यात पहिला संशय नवऱ्यावर घ्यायचा, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. पण हा साडेदहाला घरातून निघून वाघोलीजवळच्या एका हॉटेलात प्रयोगाला गेला होता, आणि दुपारी एक वाजता दीड-दोनशे माणसांनी त्याच्या बायकोचा आवाज ऐकला होता. प्रेक्षकांतल्या एका मुलीने पत्त्यांच्या जोडातला एक पत्ता काढून सगळ्यांना दाखवला. याने स्टेजवरच्या स्पीकरच्या फोनवरून घरी फोन लावला. तिकडून बायकोने पत्ता ओळखला, किलवर सत्ती. टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हणजे बाई एकला जिवंत होती, आणि हा चारपर्यंत तिथून हलला नव्हता.

"घरी बसून त्यांना पत्ता कळला कसा?" मी विचारलं.

"तेवढं विचारू नका, साहेब. आमच्या धंद्यात शपथ असते. बाकी काहीही विचारा."

खोटं कशाला बोलू, मला त्याचं कौतुक वाटलं. बायको गेली तरी माणूस शब्दाला जागतो! मी त्याला चहा पाजला. आदल्या दिवशी त्यांच्याकडे गव्हाचं पोतं पोचवणाऱ्या मार्केट यार्डातल्या हमालाला मात्र आम्ही संशयावरून उचललं. त्याला काय पाजलं, ते इथे लिहीत नाही. काही न सापडल्याने चौथ्या दिवशी त्याला सोडलं. तो लंगडत घरी गेला.

बाराव्या दिवशी पत्ता काढणारी ती मुलगी आपणहून ठाण्यात आली. नागपूरकडची, इथे प्रोग्रामर होती.

"सर, अॅक्चुअली गोष्ट छोटी आहे, पण डोक्यातून जात नाहीये."

"बोला."

"त्यांनी फोन लावल्यावर मी म्हटलं, काकू नमस्कार, जेवण झालं का? एकची वेळ होती ना, म्हणून. त्यांनी उत्तरच दिलं नाही. माझं बोलणं चालू असतानाच म्हणाल्या, थांबा हं, किलवर सत्ती. आणि यांनी लगेच फोन कट केला."

मी हे मयत बाईंच्या थोरल्या बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "माझी बहीण उत्तर देणार नाही? अहो, राँग नंबर लागला तरी जेवलात का विचारायची ती."

तेव्हा मला तो काळा डबा आठवला. टेलिफोनच्या दुकानदाराने सांगितलं, हे आन्सरिंग मशीन. घरात कोणी नसलं की आपणच फोन उचलतं आणि भरून ठेवलेला आवाज ऐकवतं. पण मुलगी कोणता पत्ता काढणार, हे आधी भरलेल्या आवाजाला कसं कळावं?

मी कसब्यातल्या एका म्हाताऱ्या जादूगाराकडे गेलो. "शपथ मोडणार नाही," ते म्हणाले, आणि पत्ते पिसून पुढे पसरले. "काढा हवा तो." मी काढला, बदाम राजा. पुन्हा पिसले, पुन्हा बदाम राजा. तिसऱ्यांदा मी मुद्दाम कडेचा ओढला. बदाम राजाच.

"मी काही बोललो का?" त्यांनी पत्ते गोळा केले. "या आता."

ते हे कसं करत होते, मला आजही ठाऊक नाही. पत्ता आपण निवडत नसतो, एवढं कळलं आणि तेवढं पुरलं.

दुसऱ्या झडतीत मंडईजवळच्या त्या जादूगाराच्या सामानाच्या पेटीचा खोटा तळ सुताराकडून उचकटला. आत दागिने होते आणि एक छोटी कॅसेट. पुढच्या प्रयोगांना उपयोगी पडेल म्हणून त्याने ती टाकली नव्हती. दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या तेव्हा तो बराच वेळ कॅसेटकडेच बघत बसला.

"ती मला सोडून चालली होती, साहेब," तो म्हणाला. "माझी सगळी गुपितं तिला माहीत होती." माणूस मारल्याचं दुःख त्या आवाजात मला कुठेही सापडलं नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. कॅसेट चालली. त्याला जन्मठेप झाली.

आवाज ओळखण्यासाठी ती कॅसेट पंचांसमक्ष बहिणीला ऐकवली. "थांबा हं, किलवर सत्ती." मग बाईंचाच आवाज, जरा हसरा, "बरोबर झालं का हो?" आणि त्याचा, "परत म्हण. घाई करू नकोस." बाई परत म्हणाल्या. असं चार वेळा. नवऱ्याचा नवा खेळ नीट बसावा म्हणून त्या मन लावून म्हणत होत्या. बहिणीने मशीनवर हात ठेवला आणि म्हणाली, "तिचाच आहे. आता बंद करा."

पुढे नव्या अधिकाऱ्यांना मी एकच सांगत आलो. आरोपी काय लपवतो, याच्या मागे सगळेच लागतात. तो जे आपणहून आपल्या हातात ठेवतो, ते आधी तपासा. पत्ता कळला कसा, हे मी बारा दिवस विचारत राहिलो. फोनवर बाई होती का, हे विचारलंच नाही. बारा दिवस त्याचं गुपित मीच राखलं, आणि त्याची किंमत त्या हमालाने मोजली. त्याची माफी मागायला मी कधी गेलो नाही.