फळीची बॅटरी आणि घरची बॅटरी

मुलाने फळी बनवायला घेतली तेव्हा आमचं बोलणं बंद होऊन नऊ महिने झालेले. बंद म्हणजे भांडण नाही. जेवलात का, गॅस संपलाय, चावी खिळ्याला लावलीय, एवढं चालू होतं. त्याच्यापुढे काही नाही. त्याची आई गेल्यापासूनचं हे.

फळी म्हणजे तो माउंटन बोर्ड म्हणतो ते. जाड प्लायची लांब फळी, खाली हवा भरायचे चार टायर, वर पाय अडकवायला पट्टे. मागच्या चाकाला मोटर, मधे बॅटरीचा डबा, हातात रिमोट. मोटरने डोंगर चढायचा आणि उभ्याने उतरायचा. वय अडतीस, अंबरनाथला कारखान्यात फिटर, लग्न केलं नाही, आणि हा खेळ. घरात दोन पुरुष उरले की एकाने हात चालू ठेवलेले बरे.

पण बॅटरी माझ्या डोळ्यासमोर होती. चाळीस वर्षं शहाडला माझं बॅटरीचं दुकान होतं. ट्रकच्या, रिक्षाच्या, इन्व्हर्टरच्या. आमच्या बॅटरीला अर्धवट भरून ठेवलेलं चालत नाही. ठेवली की प्लेटांवर पांढरं धरतं आणि कामातून जाते. हा तर गॅलरीत चार्जर लावायचा आणि भरत आली की काढून घ्यायचा. एका संध्याकाळी राहवलं नाही.

"पोटभर खाऊ दे की तिला. पानावरून कशाला उठवतोस?"

"ही तुमची ट्रकवाली नाय, बाबा. लिथियम आहे. गच्च भरून ठेवली की लवकर मरते."

"आणि उपाशी ठेवली की जगते?"

"उपाशी कोण ठेवतंय? दोन घास कमी."

मग स्क्रू आवळता आवळता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "किती खाते ते मोजायचंय. रविवारी येताय का?"

नऊ महिन्यांत बॅटरीतलं त्याने मला पहिल्यांदा विचारलं. पहिल्यांदा का, ते सांगायला पाहिजे.

माझ्या बायकोची फुप्फुसं आखडत गेली. शेवटी घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं. ते विजेवर चालतं, म्हणजे लाईट गेली की इन्व्हर्टरवर. मुलगा म्हणाला, ऑक्सिजनचा एक सिलेंडर आणून ठेवू. मी नको म्हणालो. "इन्व्हर्टरची बॅटरी नीट आहे ना?" त्याने विचारलं. मी हसलो. "बॅटरीवाल्याच्या घरात उभा राहून हे विचारतोस होय रे?"

आता खरं लिहितो. बॅटरीवाल्याच्या घरी नवी बॅटरी कधी नसते. गिऱ्हाईक जुनी टाकून जातं, ती आम्ही धुऊन, अ‍ॅसिड बदलून उभी करतो आणि घरी नेतो. धंद्यातल्या सगळ्यांच्या घरी हेच. माझ्या घरच्या बॅटरीत सहा सेल, त्यातला एक बसत चाललेला, म्हणजे चार्ज धरेनासा झालेला. अ‍ॅसिड मोजायची काचेची नळी घालून मी स्वतः पाहिलेलं. पुढच्या आठवड्यात बदलू म्हटलं. पंखे-दिव्यांना पुरत होती.

शुक्रवार होता. आमच्याकडे दुरुस्तीला लाईट जाते ती शुक्रवारीच. मुलगा कामावर. तीन तास चालायला हवा तो इन्व्हर्टर वीस मिनिटांत ओरडायला लागला. हॉस्पिटलला नेताना रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ निळे पडलेले. बोलायला तिला दम नव्हता. चार दिवसांनी हॉस्पिटलातच तिचा जीव गेला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं संपलेलीच होती, आज नाहीतर महिन्याने. मुलाला मी म्हणालो, बॅटरी अचानक गेली.

बॅटरी अशी अचानक जात नाही. त्याला ते माहीत नव्हतं. मला होतं.

रविवारी सकाळी नेवाळीच्या पुढे गेलो, डोंगराच्या पायथ्याला मुरमाड चढ आहे तिथे. मी दगडावर वही घेऊन बसलो. त्याने डब्याला मीटर लावलेला. एक फेरी झाली की तो आकडा सांगायचा, मी लिहायचो. सपाट डांबरी रस्त्याला फळी तीन पंख्यांएवढी वीज खायची. चढाला लागली की इस्त्रीएवढी. टायरची हवा थोडी कमी केली तर पकड यायची, पण खाणं वाढायचं. काम चांगलं चाललेलं. त्याने मला पाणी आणून दिलं.

तिसऱ्या चढाला मधेच फळी थांबली. मीटरवर अर्धी बॅटरी शिल्लक. तो उतरला, वायरी हलवल्या, दोन मिनिटांनी पुन्हा चालू.

"लूज होतं काहीतरी," तो वरून ओरडला.

मी चढून गेलो. विश्रांती दिली की उभी राहते आणि ओझं आलं की मान टाकते, हे मी हजार वेळा पाहिलंय. बॅटरी कुठलीही असो, एक बसलेला सेल सगळ्यांना घेऊन बसतो.

"सेल कुठले घातलेस?"

"जुन्या स्कूटरच्या बॅटरीतले. निवडून घेतलेत."

"सगळे तपासलेस?"

"बहुतेक."

"या फळीला ब्रेक कशाचा?"

"मोटरचाच. का?"

"बॅटरीने दगा दिला तर?"

"बाबा, आता उतारच आहे. एकदा उतरतो, मग घरी जाऊ." त्याने पाय पट्ट्यांत अडकवले. खाली दगड होते, पलीकडे रस्ता, रस्त्यावर डंपर.

नको म्हणून तो ऐकणार नव्हता. माझ्या शब्दाला बॅटरीच्या बाबतीत किंमत उरली नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

"तुझ्या आईची बॅटरी अचानक गेली नव्हती," मी म्हणालो.

तो वळला. पाय पट्ट्यांतच.

"एक सेल बसलेला. मी बघितलेलं. मीपण बहुतेकच म्हटलं."

"किती दिवस आधी?"

"आठ."

"मी सिलेंडर म्हणालेलो."

"हो."

"तुम्ही हसलात."

"हसलो."

त्याने खाली दगडांकडे बघितलं. मला वाटलं, आता रिमोट दाबेल, मला चुकवायला म्हणून तरी. त्याने एक पाय काढला, मग दुसरा. फळी खांद्यावर घेतली आणि चालत उतरला. मी मागून. परतताना रिक्षात तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला.

घरी आल्यावर त्याने गॅलरीत पेपर पसरला, डबा उघडला. सेलांच्या बारा ओळी. हेडलाइटचा जुना बल्ब आणि मीटर माझ्यासमोर ठेवला.

"एकेक ओळ बल्ब लावून बघा आणि आकडा बोला. मी लिहितो. बहुतेक म्हणायचं नाय."

"नाही म्हणणार."

"तिला किती त्रास झाला रिक्षात?"

"खूप."

त्याने मान हलवली आणि वही मांडीवर घेतली. सहा ओळी ठीक निघाल्या. सातवीचा आकडा बल्ब लावताच खाली आला. मी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच.

"ही बसलीय," मी म्हणालो.

त्याने लिहिलं, खाली रेघ मारली. पेन तसंच धरून म्हणाला, "पुढची बोला."

अजून पाच होत्या.