रांजणखळग्याच्या काठावर दोन भाकऱ्या

आमच्या नदीने कातळात कोरलेले रांजणखळगे बघायला लांबलांबून लोक येतात आणि मी त्यांना खुशाल थापा मारतो. आजोबांनी यात टाकलेला नारळ थेट कोकणात निघाला, तोही सोलून, असं सांगितलं की पाहुणे वाकून खाली बघतात. खाली काळं पाणी. हल्ली मला वाटतं, बघत असतं ते पाणीच.

असं वाटायला लावलं गावातल्या सोनाआत्याने. तिचा धाकटा भाऊ बाबू लहानपणी इथेच बुडाला, तो सापडलाच नाही. दर वर्षी त्याच्या तिथीला ती दोन भाकऱ्या घेऊन काठावर बसते आणि हाक मारते, "बाबू, जेवायला ये." पाणी "ये, ये" करतं. ऊन कललं की भाकऱ्या पाण्यात सोडून ती उपाशीच घरी जाते.

"आत्या, माशांची चंगळ करतेस," मी चिडवायचो.

"गप रे. तुला कोण बोलावतंय?"

यंदा तिने हाक मारली आणि खालून आवाज आला, "ताई, तू जेव."

पाहुणे काठावरून मागे सरकले. आत्याने फडकं सोडलं आणि सावकाश दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या.

गाव म्हणतं, पलीकडच्या खळग्यात तोंड घालून मीच बोललो. मी हसून कबूल करतो. खरं तर तेव्हा माझं तोंड पाहुण्यांच्या शेंगदाण्यांनी गच्च भरलेलं होतं. पण ही थाप मी स्वतःलाही मारतो, म्हणजे अंथरुणात पडल्यावर ऐकू येणारा नदीचा आवाज नुसता नदीचाच वाटतो.