मालिका नव्हे, दिवाळी अंक!

मंडळी, आज दुपारी डोक्यावरचं एक मोठं ओझं उतरलं.

माझी लेक सई शिकायला बंगळुरूला गेल्यापासून आमचे फोन "जेवलीस का?" "हो गं" इथेच संपायचे. ती एका जुन्या जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेची वेडी. राजे, राक्षस, तलवारी आणि ढीगभर भाग. म्हटलं, आपणही खेळून बघू, निदान बोलायला विषय तरी मिळेल.

मालिका म्हटल्यावर मी अर्थातच पहिल्या भागापासून सुरुवात केली. मधूनच बघायला घेतलं तर कोण कुणाची सून ते कळणार कसं? पण पहिल्याच गुहेतली वटवाघळं रोज माझा जीव घ्यायची. आमच्या डोंबिवलीच्या डासांनीही इतकं छळलेलं नाही!

आज शेवटी फोनवर सांगून टाकलं, "सई, मला नाही जमत गं. एवढे भाग संपेपर्यंत मी म्हातारी होईन."

ती खो खो हसली. "अगं आई, ही टीव्हीवरची मालिका नाहीये! दिवाळी अंकासारखं आहे हे. नवा अंक, नवी गोष्ट. मागचा वाचला नसला तरी चालतं. तू सातवा भाग घे, सोपा आहे. मीपण तुझ्याबरोबर परत सुरू करते."

हुश्श!

मग आधी तलवार घ्यायची की ढाल, यावर चहा गार होईपर्यंत आम्ही भांडलो.

मुलांशी बोलता यावं म्हणून तुम्ही काय काय शिकलात, सांगा ना. मला तर फोन ठेवल्यावर आठवलं, "जेवलीस का?" विचारायचंच राहिलं!