कंस बंद केला न्हाय

कोन गावात मी ज्या चाळीत राहतो ती दादांच्या घरची. दादा इथल्या गोदामात कॉम्प्युटरवर बसतात. मी तिथंच खोकी उचलतो. शाळा सातवीत सुटली, गाव पार हिंगोलीकडे राहिलं. तरी दादा रविवारी मला आपल्या लॅपटॉपवर कोड लिहायला बसवतात. त्यासाठीचा एडिटर त्यांनीच बनवलाय. पांढरं पान आणि 'चालव' एवढं एकच बटण.

त्यात काही वाढवायला सांगा, दादा आधी चष्मा शर्टाला पुसतात, मग विचारतात, "कशाला?"

एकदा त्यांचा मित्र मागेच लागला. "यार, कलर तरी टाक! अर्धा शब्द लिहिला की पुढचा आपोआप येऊ दे."

ते एक पान मला आत्ता कुठं कळायला लागलं होतं. त्यात गर्दी झाली असती तर मी शिकणंच सोडलं असतं.

दादा माझ्याकडे वळले. "तुला काय पायजे?"

"काही नको, दादा."

"खरं बोल."

"चुकलं की इंग्रजीत कायतरी लांबलचक येतं. वाचता येत नाही. भीती वाटते."

या वेळी 'कशाला' आलं नाही. दादा तिथंच कामाला बसले. नंतर मी चुकलो तेव्हा पडद्यावर आलं, 'तिसऱ्या ओळीत कंस बंद केला न्हाय. घाबरू नको.'

मित्र हसला. "अरे, 'नाही' तरी लिही!"

"मी बोलतो तसाच येल," दादा म्हणाले. रंग टाकायचे राहिलेच.

आता कंस मला चांगले जमतात. तरी दादा लॅपटॉप माझ्याकडे ठेवून ड्युटीवर गेले आणि खोलीत मी एकटा असलो, की एखादा मुद्दाम उघडा सोडतो आणि 'चालव' दाबतो.