टाकी बोलली, आता तू बोल

मधल्या बोटाचं हाड टँकरच्या पोटावर दोनदा वाजवायचं. मग मोबाईलकडे बघायचं. मग ड्रायव्हरकडे. मग एक कोरडा खोकला, आणि त्यामागून शांतपणे, "टाकी बोलली. आता तू बोल."

एवढं जमलं की त्याची नक्कल जमली. जळगावच्या एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर मी हे इतक्यांदा करून दाखवलंय की टपरीवाला अजूनही चहा पुढे करताना ग्लासवर बोट वाजवतो. समोर आम्ही त्याला साहेब म्हणायचो, मागे 'रडार'. आत्ता तो समोर नाही, तेव्हा साहेबबिहेब राहू द्या.

आमच्या शेठचे टँकर सरकीचं तेल वाहायचे. मी ऑफिसात स्क्रीनपुढे बसायचो, कुठली गाडी कुठे पोचली ते बघायला. तो तेल मोजायचा. आधी हातात पितळी पट्टी असायची. टँकरवर चढायचं, झाकण उघडायचं, पट्टी बुडवायची, तेल कुठवर लागलं ते वाचायचं. दिवसभर चढून उतरून त्याचे गुडघे गेले होते. उतरताना असा काही कण्हायचा की वाटावं, शिडीच कण्हतेय.

मग शेठने रडार आणलं. रडार म्हणजे विमानतळावर फिरतं ते नाही भो. टँकरच्या माथ्यावर बसवलेली स्टीलची डबी. ती खाली लहर सोडते, लहर तेलावर आपटून परत येते. विहिरीत ओरडल्यावर आवाज परत येतो ना, तसंच. परत यायला जेवढा वेळ, तेवढं तेल खाली. आकडा थेट मोबाईलवर. चढणं बंद, उतरणं बंद.

शेठने त्याला पुण्याला शिकायला पाठवलं. जाताना ढोपर धरून गेला, येताना गळ्यात ओळखपत्र घालून आला. ते त्याने भाच्याच्या लग्नातसुद्धा काढलं नाही. पंगतीत वाढप्याने वरणाची बादली पुढे केली तर हा बादलीत डोकावून म्हणाला, "अर्धी आहे. मागच्या रांगेला पुरणार नाही." पुरलं नाही. नवरीच्या बापाचं तोंड बघण्यासारखं झालं आणि हा मिटक्या मारत जेवला.

पिंप्राळ्यात त्याचं दुमजली घर होतं, वर भाडेकरू. तिथल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरही त्याने एक जुनी डबी बसवली. सकाळी जिन्यात उभा राहून भाडेकरणीला विचारायचा, "वहिनी, आज केस धुतले?" बाई घर सोडून गेली. हा म्हणाला, "पाणी वाचलं."

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. ज्याला आयुष्यभर कुणी काही विचारलं नाही, आणि मग अचानक ज्याच्या हातात प्रश्न विचारायचं काम आलं.

चोर सापडला की त्याची एक रीत होती. पोलीस नाही, मारझोड नाही. ड्रायव्हरला अंगणाच्या मधोमध उभं करायचं. "घरी फोन लाव. स्पीकरवर. तूच सांग, काय केलं ते." पहिला सापडला तो खरंच चोर होता, अमळनेरजवळ डबे भरून तेल विकलेलं. फोन बायकोने उचलला. तो म्हणाला, "मी तेल विकलं." पलीकडून आवाजच येईना. नुसती मागे कुकरची शिट्टी. आम्ही सगळे हसलो. मी तर ती शिट्टी पुढे आठवडाभर काढून दाखवत होतो.

नाना आमच्याकडचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. धुळ्याकडच्या खेड्यातले, अहिराणी बोलणारे, टोपी आणि पान सोडून कशाचा नाद नाही. त्या थंडीत ते संध्याकाळी जळगावहून गाडी भरून निघाले, सुरतेला. तेल कारखान्यातून गरम गरम भरलेलं. धुळ्याच्या अलीकडे ढाब्यावर गाडी लावली, झोपले. धुळ्याची थंडी तुम्हाला माहिती आहे, खोबरेल तेलाची बाटली शेकोटीजवळ नेल्याशिवाय डोक्याला तेल लागत नाही.

सकाळी मी कामावर आलो तर त्यांच्या गाडीची रेष लाल झालेली. तेलाची पातळी उतरली होती. याने फोन करून गाडी अर्ध्या वाटेवरून परत बोलावली.

मी रेष नीट बघितली. म्हटलं, "साहेब, चोरी असती तर रेष धपकन पडली असती. ही तर रात्रभर उतारावरून चालल्यासारखी हळूहळू आलीय. तेल थंडीने आक्रसलंय."

"माहितीये," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? डब्यांचा पहिलाच हिवाळा आहे. मशीन खोटं ठरलं तर शेठ उद्या डब्या काढून परत पाठवेल. मग पट्टी घेऊन वर कोण चढणार? तू?" आणि गुडघ्यावर हात फिरवत उठला.

इतकं सरळ कुणी सांगतं का हो? वाईट माणूस निदान आडपडदा तरी ठेवतो. याने चहा मागवावा तसं सांगितलं.

नाना आले. गाडी अंगणात उभी राहिली. बोट वाजलं, खोकला झाला, टाकी बोलली. शेठ खुर्ची टाकून बसलेला. नाना टोपी काढून म्हणाले, "भाऊ, बठ्ठं तेल आठेच शे. एक थेंब गेला नाही. गाडी काट्यावर घाला, वजन करा."

"काटा जुना झाला. आता हे बोलतं," याने मोबाईल दाखवला. "घरी फोन लाव."

नानांचा चेहरा उतरला. "साहेब, आज नको. आज घरी पाहुणे शेतस. धाकटीची सुपारी फोडायला आलेत. आज नको, साहेब. उद्या काय ते करा. मारा मला, पण आज नको."

"आज आहेत तर बरंच आहे. त्यांनाही कळू दे, सोयरे कसे मिळतायत."

नानांनी खिशातून फोन काढला, साधा, बटणांचा. बटणं चुकत होती. चुकलं की ते पहिल्यापासून सुरू करायचे. तो म्हणाला, "सावकाश. आपल्याला घाई नाही."

मी ऑफिसात पळालो. फाटकावरच्या वजनकाट्याला आतला फोन लावला. दोनदा खोकलो. "नानाची गाडी काट्यावर घे. आत्ताच्या आत्ता. मी बोलतोय."

"हो साहेब!" काटेवाला ओरडला आणि शिट्टी वाजवतच अंगणात धावत आला. "नाना, चला, गाडी घ्या काट्यावर! साहेबांचा हुकूम!"

नाना फोन तसाच खिशात कोंबून गाडीत चढले. याला काही कळायच्या आत टँकर फाटकाकडे वळला होता. शेठसुद्धा उठून गेला. काट्यावर आकडा आला, भरतानाच्या पावतीशी तंतोतंत जुळला. शेठने पावती बघितली, आकडा बघितला, मग याच्याकडे बघितलं. "काट्यावर घ्यायला तूच सांगितलं?"

मी खिडकीतून बघत होतो. म्हटलं, संपलो. आता हा नाही म्हणणार आणि माझा हिशोब इथेच होणार.

त्याने एकदा खिडकीकडे पाहिलं. खोकला. "मीच सांगून ठेवलं होतं, शेठ. काटा जुना म्हटलं ते याला घाबरवायला. खात्री केलेली बरी. मशीनची चूक नाही. पातळी उतरली हे खरंच आहे. यानेच गाडी रात्रभर उघड्यावर थंडीत लावली, तेल गारठवलं. माल खराब झाला असता. म्हातारा झालाय, लक्ष राहत नाही. चोर नाही, पण गाडीवरही नको."

शेठने मान डोलावली. झालं. डब्या राहिल्या, तो राहिला, नाना गेले.

आणि नानांनी काय करावं? वाकून त्याच्या पाया पडले. "साहेब, तुम्ही इज्जत राखली. तुम्ही काट्यावर घ्यायला सांगितलं नसतं तर आज मी..." त्याने त्यांच्या पाठीवर थोपटलं. थोपटलं, खरंच! मला वाटलं, धावत जाऊन सांगावं. पण सांगून काय? म्हातारा सुखात होता, सुपारी फुटणार होती, सोयऱ्यांच्या कानावर काही गेलं नव्हतं.

संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी आला. मी नजर वर केली नाही.

"आवाज चांगला काढतोस," तो म्हणाला. "पण मी दोनदा नाही खोकत. एकदाच." आणि निघून गेला. पुढे कधी त्याने तो विषय काढला नाही. माझी नोकरीही घेतली नाही. का नाही घेतली, ते मला आजपर्यंत उमगलं नाही आणि त्यामुळेच त्याला नीट शिव्याही देता येत नाहीत.

वर्षाने त्याला सुरतेकडे चांगली नोकरी लागली. खाडीत बोटी असतात, त्यांच्या डिझेलच्या टाक्यांवर डब्या बसवायचं काम. जाण्याच्या दिवशी निरोपाला कुणी गेलं नाही. ड्रायव्हर लोकांनी तर टपरीवर भजी मागवली. मला शेठने पाठवलं, त्याची हत्यारांची पेटी स्टेशनवर पोचवायला.

फलाटावर नाना आधीच येऊन बसले होते. एसटीने आले होते धुळ्याहून. सोबत पोतंभर भरिताची वांगी, वर ओला कपडा टाकून. "सुरतले अशी वांगी मियत नहीत, साहेब," म्हणाले. मुलीचं लग्न कसं झालं ते सांगितलं. स्वतःचं विचारलं तर म्हणाले, दुसऱ्याच्या वावरात राखण करतो, बरं चाललंय. गाडी आली तेव्हा पेटी मला उचलू दिली नाही. स्वतः डोक्यावर घेऊन डब्यात चढले, त्याची जागा शोधली, पोतं सीटखाली सरकवलं, आणि धापा टाकत उतरले.

तो खिडकीशी बसला. नाना बाहेर हात जोडून उभे. त्याने माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं नाही, आणि खिडकीची काच खाली ओढली. काच धुळीने अशी माखलेली की आतला माणूस दिसेना.

नानांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिने बाहेरून काच पुसायला लागले. साहेबांना फलाट नीट दिसावा म्हणून. गाडी हलली तरी ते पुसत पुसत बरोबर चालत होते.