ओट्याचा काळा दगड

आमच्या गोंदियात जो दगड चकाकतो तो ग्रॅनाइट. पांढरा असो, लाल असो, काळा तर एकदम असली ग्रॅनाइट! सासऱ्यांचं फरशीचं दुकान, आणि लग्नापासून मी त्यातल्या टेबलामागे बसलेली. शिकले काय, तर भूशास्त्र. नशीब बघा.

सासऱ्यांनी माझी पदवीही धंद्याला जुंपली. गिऱ्हाईक घुटमळलं की म्हणायचे, "अजी, आमची बहू दगडाचंच शिकली हाय. विचारा तिले." मी "हो" म्हणायची, स्लॅब गाडीत चढायची. पहिल्या वर्षी एकदा खरं बोलले, की हा काळा दगड ग्रॅनाइट नाही. ती स्लॅब कितीतरी दिवस दाराशीच उभी राहिली आणि घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पुन्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

खरं तर फरक साधा आहे. ग्रॅनाइट जमिनीच्या खूप खोल, लाखो वर्षं हळूहळू निवतो. म्हणून त्याचे दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. गारगोटी भरपूर, रंग फिका. ओट्याचा काळा दगड बहुतेक वेळा डोलेराइट. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या तापलेल्या शिलारसाचा, त्याच रसाचा हा. तो वर यायला निघतो, भेगेत अडकतो आणि तिथेच थिजतो. दाणे बारीक, गारगोटी जवळजवळ नाहीच. कॉलेजात हे मी घडाघडा सांगायची.

मागच्या वर्षी ते टेबल अंगावर यायला लागलं. शेवटी कॉलेजातल्या सरांना फोन केला आणि रडलेच. सर म्हणाले, प्रयोगशाळेत नमुने ओळखून लेबलं लावायला माणूस हवा आहे, फॉर्म घेऊन मीच येतो. घरी मी सांगितलं, सर ओट्यासाठी दगड बघायला येऊन राहिले.

सर आले तेव्हा दुकानात सालेकशाचं एक जोडपं होतं. बाई काळ्या स्लॅबवरून हात फिरवत होती.

"लिंबू सांडला त डाग नाही ना पडंल?"

"कायले पडंल! असली ग्रॅनाइट हाय," सासरे म्हणाले. "विचारा आमच्या बहूले."

ती माझ्याकडे वळली. सर दारातच थांबलेले.

"हो," मी म्हणाले. "ग्रॅनाइटच आहे."

सासरे स्लॅब चढवायला जोडप्याबरोबर बाहेर गेले. सरांनी फाइलीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला, वर स्वतःचं पेन ठेवलं.

"मघाशी धंदा होता, समजलं मला," ते हसून म्हणाले. "आता इथं कुणी नाही." शेजारच्या काळ्या स्लॅबच्या न घासलेल्या कडेवर त्यांनी बोट ठेवलं. "हा कोणता गं?"

"ग्रॅनाइट, सर."

सर मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. मग माझं तोंड पाहून त्यांनी स्लॅबवरचं बोट काढून घेतलं. चूक सुधारावी म्हणून मी तोंड उघडलं, तर तो दुसरा शब्द काही केल्या ओठावर येईना. सासऱ्यांच्या धाकानं बोलले असते तर मनाला समजावलं असतं. पण ते रस्त्यावर दोरी आवळत होते, माझ्याकडे त्यांची पाठ होती.

"घाई नाही, आठव," सर हळूच म्हणाले.

मी फॉर्म उचलला आणि माझ्याच हातानं त्यांच्या फाइलीत परत घातला.